देहाचा विश्वस्त

जे संकट टळले त्याची आठवण कोणी ठेवीत नाही, आणि जे घडलेच नाही त्याचे श्रेयही कोणी मागत नाही. परंतु टाइप वन मधुमेह ज्याच्या वाट्यास आला, त्याचे निम्मे श्रम अशा न घडणाऱ्या गोष्टींसाठीच खर्ची पडत असतात. दिवसातून अनेक वेळा रक्तातील साखर पाहावयाची, इन्सुलिन टोचून घ्यावयाचे, दर तीन महिन्यांनी रक्त तपासून घ्यावयाचे आणि रोग काही वर्षांचा झाला की दरवर्षी डोळे, मूत्रपिंडे व पावले यांची परीक्षा करवून घ्यावयाची. एवढ्या सायासाचे फळ काय, तर वीस वर्षांनी विशेष काही झाले नाही हेच! आज काही दुखत-खुपत नसता उद्याच्या आपल्यासाठी इतके सोसणे हे माणसाचे कर्तव्य आहे काय? आणि सोसूनही विकार जडलाच, तर दोष कोणाचा?

शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्न उद्भवलाच नसता. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरोंटो येथे लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलास इन्सुलिन प्रथम टोचण्यात आले. तोपर्यंत अशा मुलांचे आयुष्य महिन्यांत, फार तर थोड्या वर्षांत मोजले जाई. इन्सुलिनने आयुष्य वाढविले. आणि ते वाढले तेव्हाच डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे व मज्जातंतू यांची हळूहळू होणारी झीज दृष्टीस पडू लागली. ही झीज अटळ की काळजीने टळणारी, हा वाद पुष्कळ वर्षे चालला. १९८३ ते १९९३ या काळात अमेरिका व कॅनडा येथील १४४१ रुग्णांवर झालेल्या प्रयोगाने त्याचा निकाल लावला. ज्यांनी साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवली, त्यांच्यात डोळ्यांचा विकार नव्याने उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी, मज्जातंतूंच्या विकाराचा ६० टक्क्यांनी आणि मूत्रपिंडाच्या विकाराचा निम्म्याने घटला. मात्र साखर एकाएकी धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रसंग त्यांच्यावर सुमारे तिपटीने आले. शिस्तीलाही तिची किंमत असतेच.

याहून विचार करावयास लावणारी गोष्ट पुढेच घडली. प्रयोग संपल्यावर दोन्ही गटांची साखर जवळजवळ सारखी झाली. तरीही ज्यांनी पहिली वर्षे दक्षतेने काढली होती, त्यांचा लाभ पुढे अनेक वर्षे टिकून राहिला. देह झालेली हेळसांड विसरत नाही, तशी घेतलेली काळजीही विसरत नाही.

देवस्थानांच्या कारभाराशी परिचय असलेल्या वाचकांस येथे एक उपमा सहज पटेल. देवाची मिळकत देवाची असते. देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, हे १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनेही मान्य केले. परंतु ती आपल्या मुखाने बोलत नाही, म्हणून अज्ञान बालकाच्या मिळकतीप्रमाणे तिचा सांभाळ इतरांना करावा लागतो. वीस वर्षांनंतरचे आपण हेही असेच एक अज्ञान बालक होय. ते आज तक्रार करू शकत नाही, दावा लावू शकत नाही. त्याचे डोळे आणि त्याची पावले मात्र आज आपल्या ताब्यात आहेत. देह माझा आहे, हे खरे. पण तो आजच्या माझा एकट्याचा नाही. कर्तव्य आहे ते येथे.

आणि दोषाच्या प्रश्नाचे उत्तरही याच उपमेत आहे. खासगी न्यासांसंबंधीच्या १८८२ च्या अधिनियमाचे १५ वे कलम सांगते की, सामान्य शहाणा मनुष्य स्वतःच्या मिळकतीची जेवढी काळजी घेईल तेवढी विश्वस्ताने घ्यावी. आणि तशी घेतल्यावरही नुकसान झाले, तर एरवी काही ठरलेले नसल्यास तो त्यास जबाबदार नाही. विश्वस्त दक्षतेस बांधलेला असतो, फळास नव्हे.

हा विवेक आपल्या घरांत क्वचित आढळतो. टाइप वन मधुमेह गोड खाण्याने होत नाही. शरीराची स्वतःचीच रक्षणयंत्रणा स्वादुपिंडातील इन्सुलिन करणाऱ्या पेशींचा नाश करते. तरीही मुलास पथ्याचा आणि आईस पूर्वकर्माचा दोष दिला जातो. तपासणीचा आकडा हा साक्षीदार असतो. आपण त्यास न्यायाधीश करून बसतो. एचबीए१सी ही चाचणी सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगते, कारण तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. त्या काळातील चढ-उतार, जागरणे, परीक्षा, ताप यांविषयी ती मूक असते. अशा साक्षीवर जेथे रोज शिक्षा ठोठावली जाते, तेथे मूल आकडा लपवू लागते आणि पुढे तपासणीसच जाईनासे होते. लघवीत उतरणारी प्रथिने किंवा डोळ्यांच्या पडद्यावरील पहिले फरक रुग्णास जाणवत नाहीत. ते तपासणीतच सापडतात, आणि उपाय चालतो तोही तेव्हाच. दोष देणारा मनुष्य अशा रीतीने रोगाचाच साह्यकर्ता ठरतो.

समाजाकडेही यातील काही भाग येतो. व्रतांच्या नियमांतून बाल, वृद्ध व आतुर यांस सवलत देण्याची आपल्या धर्मशास्त्राची रीत जुनी आहे. ती येथे मोकळ्या मनाने पाळावी. उपवास आहे म्हणून इन्सुलिनही नको, ही समजूत प्राणावर बेतणारी आहे. उपवास करावयाचाच तर तो वैद्याच्या सल्ल्यानेच. प्रसाद नाकारणाऱ्यास आग्रह करू नये, आणि घेणाऱ्याकडे डोळे वटारून पाहू नये. तो आपल्या इन्सुलिनचा हिशेब जाणतो. ज्याच्या पावलांची संवेदना कमी झाली आहे, त्यास तापल्या फरशीवरील प्रदक्षिणेत भाजल्याचे कळतही नाही. अशांसाठी प्रदक्षिणेच्या वाटेवर काथ्याची पट्टी अंथरणे ही देवाचीच सेवा होय.

विश्वस्ताने हिशेब रोज लिहावा, आणि तो पाहणाऱ्यांनी सौम्य डोळ्यांनी पाहावा. जो हिशेब लिहिताना भीती वाटत नाही, तोच वर्षानुवर्षे लिहिला जातो.