मोकळी सोडायची ओळ

दिवाळीच्या आसपास आमच्या वर्गातली बरीच बाकं रिकामी व्हायची. यवतमाळ जिल्ह्यात तेव्हा कापूस वेचणी असते. माझा एक दोस्त आईबरोबर वेचायला जायचा आणि परीक्षेआधी माझी वही झेरॉक्स करायचा. माझी वही म्हणजे रंगीत पेनं, ठळक मथळे आणि खाडाखोड शून्य. सगळे कौतुक करायचे. मलाही ते आवडायचं.

अर्थशास्त्राच्या एका तासाला मी पेंगलो. 'गिफेन वस्तू', भाव वाढला की मागणीही वाढते, एवढं कानावर आलं आणि उदाहरण निसटलं. पान अर्धवट दिसू नये म्हणून मी 'सोनं, हिरे' असं ठोकून दिलं. दोस्ताने पेपरात तेच लिहिलं.

खरं तर गिफेन वस्तू म्हणजे गरिबाचं पोटभरीचं, हलकं अन्न. ते महागलं की भाजी, दूध परवडत नाही. मग पोट भरायला तेच जास्त घ्यावं लागतं. ज्वारी महागल्यावर ताटातून आधी काय जातं, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. ते सोडून त्याने माझे हिरे लिहिले.

"तुह्याच वहीत होतं ना बे," एवढंच तो म्हणाला.

नोट्सच्या पद्धती पुष्कळ आहेत. कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांची पद्धत 1950 च्या दशकातली: डावीकडे समास सोडा, तिथे प्रश्न लिहा, खाली सार. पण हा सगळा विचार 'मला किती आठवेल' याचा. वही दुसऱ्याच्या हातात जाणार असेल, तर न ऐकलेलं ऐकल्यासारखं लिहायचा मला हक्क आहे का? वही माझी खासगी होती, असं म्हणून सुटता येत नाही. तो झेरॉक्स काढतो हे मला माहीत होतं.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसाकडून गोळा केल्या. त्या 'लीळाचरित्रा'च्या पोथ्यांत एकाच प्रसंगाच्या वेगवेगळ्या आठवणी, कुणाची कोणती ते नाव घेऊन, नोंदलेल्या दिसतात. सगळं घोटून एकसारखं केलं असतं तर पान सुबक झालं असतं.

हल्ली माझ्या समासात 'इथे झोपलो' असंही सापडतं. दोस्ताला मात्र मी त्या तासाचं अजून सांगितलेलं नाही. सरांनीच तसं शिकवलं होतं, असं तो आजही समजतो.