पहाटेची रांग

लाओसमधल्या लुआंग प्रबांगमध्ये अजून पुरतं उजाडलेलं नसतं. मेकाँगकाठच्या या गावात बायामाणसं रस्त्याकडेला चटया अंथरून बसतात. पुढ्यात बांबूची टोपली, तिच्यात ऊन ऊन चिकट भात.

विहारांतून अनवाणी भिक्खू एका रांगेत येतात. भिक्खू म्हणजे भिक्षेवर जगणारा, पण इथे कुणी काही मागत नाही. प्रत्येक पात्रात घासभर भात पडतो, रांग पुढे सरकते. हे थेरवादी पंथाचे बौद्ध भिक्खू माध्यान्हीनंतर जेवत नाहीत, उद्यासाठी अन्न साठवत नाहीत. म्हणून हा फेरा रोजचा.



रांगेच्या कडेला गरीब मुलंही बसलेली असतात, रिकाम्या टोपल्या घेऊन. भिक्खू आपल्या पात्रातला भात त्यांत घालतात.