उपाशी पोटाचें श्रेय

स्थूल माणसाची थट्टा करणें हें आपल्या समाजांत पाप समजलें जात नाहीं. आजाऱ्यास कोणी हंसत नाहीं. पण लग्नाच्या पंगतींत लठ्ठ मनुष्यास हंसण्याची मोकळीक सर्वांनाच असते. रोज थोडी थोडी लाज गिळणाऱ्या अशा मनुष्यास कोणी झटपट सुटकेचें आश्वासन दिलें, तर तो पुरावा मागत बसत नाहीं. म्हणूनच तें आश्वासन देणाऱ्यावर अधिक जबाबदारी येते असें आम्ही मानतों. ती न ओळखल्यानें काय होतें, हें एका उपचाराच्या इतिहासांत दिसतें. आणि त्या इतिहासाचा आरंभ आपल्याच देशांत झाला आहे.

डॉ. सीमन्स हे ब्रिटिश वैद्य इ. स. १९३० नंतर अनेक वर्षें हिंदुस्थानांत काम करीत होते. ग्रंथिविकारामुळें स्थूल झालेल्या येथील मुलांस, गर्भवती स्त्रियांच्या मूत्रांतून काढलेलें एक हार्मोन टोचलें असतां त्यांची अनावर भूक शमते, असें त्यांस वाटलें. त्यावरून त्यांनीं सिद्धान्त बांधला कीं, हें हार्मोन रोज अल्प प्रमाणांत टोचावें व आहार ५०० कॅलरींवर आणावा. म्हणजे शरीर आपली सांठवलेली चरबी वापरूं लागतें आणि भूक जाणवत नाहीं. पुढें १९५४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत त्यांनीं हें मत मांडलें, आणि उपचाराचा बोलबाला परदेशांत झाला.

आतां ५०० कॅलरी म्हणजे काय? दोन पोळ्या, थोडी भाजी व वाटीभर वरण एवढ्यांत सबंध दिवसाचा हिशेब संपतो. प्रौढ मनुष्याच्या गरजेचा हा सुमारें चौथा हिस्सा. इतकेंच खाणाऱ्याचें वजन उतरलें तर नवल तें काय? खरा प्रश्न सुईनें काय केलें हा होय. तो सोडविण्याची रीत सरळ आहे: आहार सर्वांस तोच द्यावा, पण कांहींच्या सुईंत औषधाऐवजीं निरुपद्रवी पाणी भरावें, आणि कोणास काय दिलें हें त्यांस कळूं देऊं नये. अशा परीक्षा झाल्या. १९९५ सालीं डच संशोधकांनीं एकंदर २४ परीक्षांचा एकत्र विचार करून निर्णय दिला कीं, हें हार्मोन स्थूलतेवर गुणकारी आहे, त्यानें चरबी हलते किंवा भूक शमते, यास पुरावा नाहीं. काम उपाशी पोटानें केलें. श्रेय मात्र सुईनें घेतलें.

कोणी म्हणेल, उपाशी राहण्याची आम्हांस काय नवलाई? एकादशी-चतुर्थी आमच्या घरोघर आहेत. परंतु उपवासांत मनुष्य आपली भूक ओळखून असतो. त्यास मर्यादा असते, आणि पारणें ठरलेलें असतें. चक्कर आली तर घरांतलीं वडील माणसें उपवास सोडावयास लावतात. येथें क्रम चाळीस दिवसांपर्यंत चालतो, आणि अशक्तपणा आला तरी 'औषध चालूं आहे' या भरंवशावर रोगी पुढें जातो. अशा उपासमारींत पित्ताशयांत खडे होतात, रक्तांतील क्षारांचा तोल बिघडतो, व क्वचित् हृदयाची गतीही चुकते. खोट्या श्रेयाचा दोष तो हाच कीं, त्यामुळें धोक्याची जाणीव बोथट होते.

दुसरा आक्षेप असा कीं, सीमन्स प्रामाणिक होते. असतील, पण प्रामाणिकपणा हा पुराव्याच्या जागीं बसूं शकत नाहीं. हार्मोन म्हटलें कीं तें त्याज्यच, असेंही आमचें म्हणणें नाहीं. २०२५ सालीं भारतांत वजनासाठीं विक्रीस आलेलीं हार्मोनसदृश नवीं औषधें पाण्याच्या सुईशीं ताडून पाहिलेलीं आहेत, आणि त्यांत त्यांचा गुण दिसून आला आहे. त्यांचेही त्रास आहेत, व तीं वैद्याच्या देखरेखीखालींच घ्यावयाचीं असतात. तथापि गुण व त्रास दोन्ही मोजून सांगितलेले असले, म्हणजे रोगी निदान जाणून निवड करतो.

शेवटीं, ज्या आंकड्यासाठीं हा खटाटोप, तो आंकडा तरी किती खरा? पुण्याच्या केईएम रुग्णालयांतील डॉ. याज्ञिक व इंग्लंडांतील डॉ. युडकिन यांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट'मध्यें स्वतःचेंच उदाहरण दिलें. उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु शरीरांतील चरबी युडकिन यांची शेंकडा ९.१, तर याज्ञिक यांची २१.२. कांटा स्नायू आणि चरबी यांत भेद करीत नाहीं. म्हणूनच उपासमारींत झिजलेला स्नायूही तो यशांत जमा धरतो. आणि म्हणूनच लठ्ठास हंसणाऱ्या सडपातळ पुणेकराच्या अंगीं मधुमेहाचें बीज नसेलच, असें त्याच्या वजनावरून सांगतां येत नाहीं. वैद्यानें आश्वासनापूर्वीं पुरावा द्यावा हें जितकें योग्य, तितकेंच हेंही कीं, ज्या लाजेमुळें रोगी पुरावा मागण्याचें विसरतो, ती लाज त्यास देण्याचें आपण सोडावें.