ढगांवर कर नाही

एक छायाचित्रकार होता. न्यूयॉर्कचा, आल्फ्रेड स्टिग्लिट्झ नावाचा, वय अठ्ठावन्न, आणि कुणी बोललेलं सहज विसरेल असा मुळीच नव्हे. १९२२ साली वॉल्डो फ्रँक या लेखकाने लिहिलं, की याच्या फोटोंची ताकद खरं तर समोर बसलेल्यांवर तो जी मोहिनी घालतो तिच्यात आहे. आदल्याच वर्षी त्याने मांडलेले चित्रकार जॉर्जिया ओकीफचे फोटो गाजले होते. टोला वर्मी लागला.

दुसरा कुणी असता तर लगेच उत्तर लिहायला बसला असता. लेख त्यानेही लिहिला, पण पुढच्या वर्षी. आधी कॅमेरा उचलला. ज्यांच्यावर कुणाचीच मोहिनी चालत नाही, त्यांचे फोटो काढायचे असं त्याने ठरवलं, म्हणजे ढगांचे. ते सगळ्यांच्या डोक्यावर सारखेच असतात आणि त्यांच्यावर अजून कर बसलेला नाही, असं तो म्हणे. उन्हाळा तो लेक जॉर्जच्या काठच्या घरी काढायचा. त्या वर्षी त्याची आई शेवटच्या दुखण्यात होती.

पहिल्या खेपेला दहा फोटोंची मालिका झाली. मोठा कॅमेरा, फोटोत खाली डोंगरांची काळी रांग, वर ढग. मालिकेचं नाव 'संगीत'. हे फोटो पाहून अर्नेस्ट ब्लॉक या संगीतकाराला त्यात संगीतच दिसावं, अशी त्याची इच्छा होती. आणि झालंही तसंच, असं तो स्वतः सांगतो. सांगणारा स्वतःच असल्यामुळे त्यातून थोडा मीठमसाला वजा करायला हरकत नाही.

पण मला विचाराल तर या मालिकेची अडचण ते डोंगर आहेत. डोंगर दिसला की डोळा जमीन शोधतो, आणि मग वरचे ढग नुसतं हवामान होऊन बसतात. पाऊस येणार का, एवढाच प्रश्न उरतो. आपण तर जूनमध्ये आभाळाकडे दुसऱ्या कशासाठी बघतच नाही! 'संगीत' हे नावही तसंच. पाहणाऱ्याला काय वाटायला हवं ते आधीच सांगून टाकणारं.

१९२३ मध्ये त्याने हातात धरायचा ग्राफ्लेक्स कॅमेरा घेतला. तो हवा तसा वर वळवता येई. हळूहळू फोटोतून डोंगर गेले, मग क्षितिजही गेलं. 'संगीत'च्या जागी 'आभाळाची गाणी' आली आणि १९२५ नंतर गाणीही गेली. आता तो या फोटोंना 'इक्विव्हॅलंट्स' म्हणू लागला: आपल्या आत जे चाललंय, त्याच्या तोडीचं काहीतरी. चार बाय पाच इंचांच्या निगेटिव्हवरून थेट कागदावर उतरवलेले हे फोटो तळहाताएवढेच. भिंतीवर लावले तर लांबून कळतच नाहीत, जवळ जावं लागतं.

जवळ गेल्यावर आपण काय करतो? लहानपणी गच्चीवर पडून ढगांत हत्ती-घोडे शोधायचो, तेच करतो. एका फोटोत हत्ती सापडतोही. पण शेजारच्या फोटोत नुसते पांढरे ओरखडे, त्याच्या पलीकडे जवळजवळ काळं आभाळ. हत्ती काही पुढे सरकत नाही. मग पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत जाताना आपल्या छातीत काय हललं, एवढंच धरून चालावं लागतं. स्टिग्लिट्झ हे संच पुन्हा पुन्हा लावी. एकाच निगेटिव्हचा फोटो एका संचात सरळ असे, तर दुसऱ्यात आडवा नाहीतर उलटा. आभाळाला वरची बाजू असते हा नियमही त्याने मोडून टाकला. असे दोनशेहून जास्त फोटो त्याने केले.

१९४६ साली, तो मरण पावला त्याच वर्षी, मायनर व्हाइट नावाचा तरुण छायाचित्रकार त्याला भेटायला आला. महायुद्धातून परतलेला, पुन्हा फोटो काढता येतील का या शंकेत असलेला. म्हाताऱ्याने त्याला ना भिंगाबद्दल विचारलं, ना कागदाबद्दल. कधी प्रेमात पडला होतास का, एवढंच विचारलं. व्हाइट हो म्हणाला. मग तुला फोटो काढता येतील, असं म्हाताऱ्याने सांगितलं.

त्याच वर्षी व्हाइट कॅलिफोर्नियात शिकवायला गेला आणि पॉइंट लोबोसच्या किनाऱ्यावरच्या खडकांचे फोटो काढू लागला. पुढे आयुष्यभर तो फोटो सुटे न दाखवता ओळीने लावत राहिला.