बोलण्याचा ताप

यंत्रानें मनुष्यास नीति शिकवावी, हें ऐकून कित्येकांस हसूं येईल. परंतु हौशी रेडिओ चालविणाऱ्याच्या मेजावरील एका लहानशा पंख्यानें मजपुढें जो प्रश्न टाकला, तो मला नीतीचाच वाटतो.

हा पंखा सतत फिरत नाहीं. संदेश सोडणाऱ्या ट्रान्झिस्टरांची उष्णता शोषून घेण्याकरितां ॲल्युमिनियमचा कंगोरेदार ठोकळा बसविलेला असतो व त्यास थर्मिस्टर नांवाचा एक मणी चिकटविलेला असतो. उष्णता वाढली कीं या मण्याचा विद्युत्-रोध कमी होतो, आणि ठरविलेली मर्यादा, समजा ५० अंश, ओलांडतांच पंखा सुरू होतो. ऐकतांना यंत्र फारसें तापत नाहीं. बोलतांना मात्र तापतें. १०० वॅट शक्ति हवेंत सोडावयाची, तर बहुधा तितकीच किंवा अधिक शक्ति उष्णतारूपानें यंत्रांतच उरते.

ताप आपल्या बोलण्याचा. पण बोलणें संपलें तरी धातूंत सांठलेली उष्णता क्षणांत निघून जात नाहीं, म्हणून पंखा घोंगावतच राहतो. आणि नेमका तोच काळ दुसऱ्याचें उत्तर ऐकण्याचा!

एवढ्याशा घरघरीनें काय बिघडतें, असें कोणी विचारील. कोयनेच्या धरणांतून सोडलेलें पाणी सातारा जिल्ह्यांतच, कऱ्हाडास, कृष्णेला मिळतें आणि पुढें सांगलीस आयर्विन पुलाखालून जातें. तेथें ४५ फूट ही धोक्याची पातळी; २०१९ च्या ऑगस्टांत पाणी ५७ फुटांवर गेलें होतें. अशा दिवशीं वीज गेली, टेलिफोन मुके झाले, खोलींत चौघे कान देऊन बसले आहेत, आणि वरच्या गांवाहून क्षीण आवाजांत आलेला आंकडा पंचेचाळीस कीं पंचावन्न, हें पंख्याच्या घरघरींत कळलें नाहीं, तर दहा फुटांची चूक होईल; आणि दहा फुटांत किती उंबरठे बुडतात, हें सांगलीकरांस सांगावयास नको.

मग पंखा काढूनच टाकावा काय? छे! यंत्र जळालें तर बोलणेंही गेलें आणि ऐकणेंही गेलें. ठोकळा मोठा घ्यावा. पंखा मोठा पण मंदगति असावा. उष्णतेच्या मानानें त्याची गति हळूहळू वाढावी. हे उपाय बाजारांत मिळतात. चौथा मिळत नाहीं: तो म्हणजे १० वॅटांत भागत असेल तेथें १०० खर्चूं नयेत, आणि दोन शब्दांत भागत असेल तेथें दहा बोलूं नयेत.

स्वयंचलित साधन मिळालें म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, असें समजण्याकडे मनुष्याचा कल असतो. पण थर्मिस्टर धातूचा ताप मोजतो. पलीकडच्या तीरावर कोणी बोलण्यासाठीं ताटकळत आहे कीं काय, हें त्यास ठाऊक नसतें. हौशी मंडळींत एक चांगली चाल आहे: एकाचें बोलणें संपल्यावर दुसऱ्यानें क्षणभर थांबून मग बोलावें, म्हणजे तातडीचा निरोप असणाऱ्यास मध्यें शिरतां येतें. तो क्षण कोणताही मणी आपणांसाठीं राखून ठेवीत नाहीं. तो आपणच राखावा लागतो.

आमच्या सभांतून आणि घरांतूनही तो क्षण कितीसा राखला जातो? थोरांचें बोलणें संपलें तरी त्याचा ताप उतरत नाहीं, आणि त्या घोंगावण्यांत घरांतील मुलाचा किंवा सुनेचा क्षीण स्वर तसाच विरून जातो. यंत्राची मर्यादा कारागीर ठरवून देतो; आपली आपणांसच ठरविली पाहिजे.