डाव्या हाताने लिहिलेला निरोप

पुण्याच्या बुधवार पेठेत फरासखान्याजवळ एक जुना हौद आहे. त्यावर लहान मुलीचा पुतळा, म्हणून लोक त्याला बाहुलीचा हौद म्हणतात. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी अकाली गेलेल्या आपल्या लेकीच्या स्मरणार्थ तो बांधला. तिला शिकवतात याचा राग धरून नातलगांनीच लाडवातून काचा खाऊ घातल्या, असं पेठेत सांगितलं जातं. हे घोले म्हणजे सत्यशोधक समाजातले जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि त्यांचे डॉक्टर. १८८८ साली पक्षाघाताने जोतीरावांची उजवी बाजू लुळी पडली, तेव्हा औषधपाणी त्यांनीच केलं. उजवा हात चालेना, तेव्हा जोतीराव डाव्या हाताने लिहू लागले. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ असं पुरं झालं. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले आणि पुस्तक १८९१ साली निघालं.

जाणारा नेता अखेरचं कोणाशी बोलतो, यावर त्याच्या शब्दांचं आयुष्य ठरतं, असं मला वाटतं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी फेब्रुवारी १९१५ मध्ये, मृत्यूच्या उंबरठ्यावर, गव्हर्नर विलिंग्डन यांच्या विनंतीवरून राज्यसुधारणांचा मसुदा लिहिला. आगाखानांनी तो १९१७ साली प्रसिद्ध केला. त्यामागची तळमळ मोठी होती. पण तो राज्यकर्त्यांसाठी होता, आणि ते राज्य गेल्यावर तो अभ्यासकांपुरता उरला. जोतीरावांनीही १८८२ साली हंटर आयोगापुढे शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणासाठी सरकारकडे दाद मागितली होती. अखेरच्या पुस्तकात मात्र ते थेट आपल्या घरात शिरतात.

हे पुस्तक प्रश्नोत्तरांतून पुढे सरकतं. प्रश्न विचारणाऱ्यांत त्यांचा दत्तक मुलगा यशवंतही आहे. त्यातली एक जागा मला सगळ्या पुस्तकाचा गाभा वाटते. एका कुटुंबातल्या बाईने बौद्ध धर्माचा ग्रंथ वाचून, पटल्यास तो धर्म घ्यावा; तिच्या नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावं, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावं, मुलाने सत्यधर्मी व्हावं; आणि चौघांनी एकमेकांचा हेवादावा न करता, एकाच निर्मिकाची, म्हणजे निर्मात्याची, लेकरं म्हणून गोडीने नांदावं, असं जोतीराव सांगतात.

यात पहिली येते ती बाई. ती नवऱ्याची परवानगी काढत नाही, मुलगी बापाची काढत नाही. प्रत्येक जण आधी वाचतो, मग ठरवतो. १८४८ साली याच बुधवार पेठेत, भिडे वाड्यात, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींच्या हाती पाटी दिली. ती कशासाठी दिली, याचं पूर्ण उत्तर चाळीस वर्षांनी या पानावर सापडतं. हिशेब, पत्र, औषधाची बाटली वाचता यावी एवढ्यावर ते थांबणार नव्हते. बाईने आपला देवही स्वतः वाचून निवडावा, इथवर त्यांची मजल होती. एवढी लांब उडी त्यांच्या पिढीत दुसऱ्या कोणी मारल्याचं मला दिसत नाही.

१८८७ च्या मृत्युपत्रात त्यांनी आपल्याला मिठात पुरावं अशी इच्छा लिहून ठेवली होती. नगरपालिकेने परवानगी दिली नाही आणि दहनच करावं लागलं. अंत्ययात्रेत पुढे चालून टिटवं धरायचं ते पुरुषाने, अशी रीत; ते धरलं सावित्रीबाईंनी. देहाबद्दलची इच्छा राहून गेली, पण आयुष्यभराचा उपदेश त्या माउलीने त्याच दिवशी, रस्त्यावर, सगळ्यांदेखत आचरून दाखवला.

भिडे वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला. तिथे राष्ट्रीय स्मारक व्हायचं आहे. ते जरूर व्हावं. पण आजही मुलीने धर्माबाहेर लग्न ठरवलं की घर कोसळल्यासारखं होतं आणि प्रकरण पोलीस ठाण्याच्या पायरीपर्यंत जातं. पुतळ्याला हार घालणाऱ्या घरांतही हेच घडतं. जोतीरावांचं हे मागणं अजून आपल्याकडून येणं आहे, आणि ते कोणतंही सरकार आपल्या वतीने फेडू शकणार नाही.

अप्पा बळवंत चौकात मुलांची पुस्तकं घ्यायला आपण जातोच. या खेपेला फुल्यांचं समग्र वाङ्मयही मागून घ्या. त्यातलं हे पान रात्री जेवणं झाल्यावर घरात मोठ्याने वाचा, आणि ते वाचायला मुलीला सांगा.