लोखंडी हाताची हद्द

विज्ञानकथेवर बेतलेला रोलप्लेइंग गेम खेळवणाऱ्यासमोर कधी ना कधी एखादा खेळाडू यादी घेऊन बसतो. पोलादी हात, अंधारात पाहणारा डोळा, मेंदूत बसवलेला रेडिओ, न थकणारे पाय. यातली एकेक वस्तू गमतीची असते, पण सगळ्या एकाच पात्राला दिल्या की खेळ तिथेच संपतो. बंद दार तो तोडतो, लपलेला शत्रू त्याला दिसतो आणि बाकीचे खेळाडू हातात फासे धरून नुसते बघत राहतात. अशा यंत्रावयवी पात्राच्या, म्हणजे सायबॉर्गच्या, ताकदीला हद्द हवी, याबद्दल कोणाचेच दुमत नसते. ती कशाच्या आधारे घालायची, यावर मात्र टेबलावर रात्री सरतात.

पाश्चात्त्य खेळांनी याचे उत्तर आकड्यांत शोधले. माइक पाँडस्मिथ यांच्या 1988 च्या ‘सायबरपंक’मध्ये यंत्रावयव बसवला की पात्राच्या माणुसकीचे गुण कमी होतात. ते संपले की पात्र खेळाडूच्या हातून जाते आणि खेळवणाऱ्याच्या, म्हणजे गेम मास्टरच्या, ताब्यात येते. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘शॅडोरन’मध्ये प्रत्येक पात्राला ‘एसेन्स’चे 6 गुण मिळतात. शरीरात यंत्रे वाढतील तसे ते घटतात आणि पात्र जादू करणारे असेल, तर त्याची जादूही उतरते. हिशेब सोपा आहे आणि खेळ तोलून धरायला उपयोगीही. मीही बराच काळ याच हिशेबाने खेळवत आले.

आमची मंडळी चंद्रपूर-गडचिरोलीकडची. गोष्ट आपल्या मुलखात घडवू या, असे ठरले आणि आम्ही 2090 सालचे भामरागड निवडले. तिथे पोचल्यावर माणुसकीची ही वजावट मला खटकू लागली. अस्वलाने ओरबाडलेले चेहरे आणि भूसुरुंगात गेलेले पाय गडचिरोली जिल्ह्याने खरोखर पाहिले आहेत. कृत्रिम पाय लावून पुन्हा धानाच्या बांधीत उतरणाऱ्या माणसाची माणुसकी किती गुणांनी कापायची? ‘सायबरपंक’च्या 2020 साली आलेल्या आवृत्तीने, गमावलेल्या अवयवाच्या जागी बसवलेल्या साध्या वैद्यकीय अवयवाला या वजावटीतून सूट दिली. ती दुरुस्ती योग्यच होती. पण मग हद्द ठरवायची कशावरून?

मला वाट दाखवली ती जयपूर फूटने. कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्र. क. सेठी यांनी 1968 च्या सुमारास तो पाय घडवला. त्याआधीचे परदेशी धाटणीचे पाय बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी होते. उकिडवे बसणे, मांडी घालणे, अनवाणी चिखल तुडवणे त्यांना झेपत नव्हते. शर्मांनी रबर वापरून असा पाय केला, जो ओला झाला तरी चालतो आणि साध्या कारखान्यात बनतो. अवयवाची खरी किंमत तो कुठल्या जमिनीवर चालणार आणि बिघडला तर कोण नीट करणार, यावर ठरते. खेळातली हद्दही मग तिथूनच का येऊ नये?

भामरागडला पर्लकोटा, इंद्रावती आणि पामुलगौतम या तीन नद्या भेटतात. पर्लकोटेला पूर आला की हेमलकशाकडून येताना लागणारा पूल पाण्याखाली जातो, बाजारपेठेत पाणी शिरते आणि आलापल्लीचा रस्ता तुटतो. 2019 च्या पावसाळ्यात असे पुन्हा पुन्हा झाले. वीज जाते, मोबाइल मुका होतो. 1973 मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा तर वीज नव्हतीच, उपचार कंदिलाच्या उजेडात चालत. हे सगळे मी खेळात आणले. प्रत्येक यंत्राला तीन प्रश्न लावले: कशावर चालते, कोण दुरुस्त करतो, सुटा भाग कुठून येतो.

परिणाम लगेच दिसला. उन्हाळ्यात लाकडाचे ओंडके फेकणारा आमचा पोलादी हातवाला श्रावणात गाळ अडकून ठप्प झाला. पूर ओसरेपर्यंत तो एका पाड्यावर अडकला. तिथे सौरपट्टी एकच होती आणि तिच्यावर आधी औषधांचा फ्रीज चालायचा. हात चार्ज करायचा तर गावाला विचारणे भाग होते, आणि विचारायचे तर आधी गावाच्या उपयोगी पडणे. त्याच्या पात्राचा एकही गुण मी कापला नव्हता. तरी तो खेळाडू त्या दिवशी पहिल्यांदा इतरांशी बोलून खेळला.

दुसरी हद्द याहून अवघड होती. एका खेळाडूने दूरवरचे सगळे रेडिओ-संदेश ऐकणारा कान मागितला. शहरातल्या गोष्टीत तो चालून जातो. पण नक्षलवादी संघर्ष पाहिलेल्या या भागात कित्येक वर्षे ‘बातमी कोणी दिली’ या नुसत्या संशयावरून माणसे मारली गेली आहेत. सगळे ऐकू येणारा माणूस ज्या घरात मुक्कामाला राहील, ते घर धोक्यात येणार. मी कान दिला, पण त्याच्यासोबत त्याचे ओझेही दिले: कोणत्याही गावात शिरण्याआधी कान असल्याचे सांगायचे आणि गावाने नको म्हटले तर बाहेर थांबायचे.

हे नियम मी एकटीने लादले असते तर ते टिकले नसते; सगळ्यांनी मिळून ठरवायची रीत मला जवळच सापडली. गडचिरोलीतच, धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. तिथली ग्रामसभा बहुमतावर न थांबता सर्वसहमतीने ठरवते, आणि बांबू किती काढायचा याची हद्दही गावच घालून घेते. आम्हीही नव्या यंत्राचा नियम टेबलावर मांडतो आणि सगळे राजी होईपर्यंत ते यंत्र खेळात येत नाही. वेळ लागतो, कधी एखादी बैठक नुसत्या चर्चेत जाते. पण मान्य केलेला नियम मोडायची पळवाट मग कोणी शोधत नाही.

आकडे टाकून द्या, असे मी म्हणत नाही. फासे टाकायचे तर आकडे लागणारच. पण माणूस यंत्रामुळे कमी माणूस होतो, हे गृहीतक मात्र टाकून द्यावे. ताकद वाढते तसे परावलंबन वाढते, हे सूत्र खेळात अधिक खरे उतरते आणि खेळाबाहेरही. तुमच्याकडे कोणी सायबॉर्ग मागितला, तर त्याला आधी तीन नावे लिहायला लावा: त्याच्या गावाचे, दुरुस्ती करणाऱ्याचे आणि जिथून वीज मिळेल त्या घराचे. मग खुशाल हवा तेवढा मोठा हात द्या.